बेळगावच्या रस्त्यांवर कमी उंचीचे टायर : २२५/४५ आर १७ या मापाचे परीक्षण

माझ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीला कारखान्यातून आलेले २०५/५५ आर १६ मापाचे टायर काढून त्यांच्या जागी २२५/४५ आर १७ मापाचे कमी उंचीचे टायर बसवल्याला आता एक पूर्ण पावसाळा आणि उसाचा एक गळीत हंगाम उलटला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्या ज्या कुणाच्या मनात असे टायर घेण्याचा विचार घोळत असेल, त्याला उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. टायरच्या कंपनीचे नाव मुद्दाम वगळले आहे, कारण येथे तपासायचा आहे तो मापाचा परिणाम. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. या टायरांमुळे वळणावरचे गाडीचे वागणे सुधारले आहे आणि पकडही वाढली आहे. परंतु पकड वाढल्याचे श्रेय टायरच्या कमी उंचीला द्यावे असे मला वाटत नाही, उलट आपल्याकडच्या काही रस्त्यांवर त्या कमी उंचीमुळेच पकड घटते.

मापाचा हिशेब थोडक्यात असा आहे. २०५/५५ आर १६ याचा अर्थ टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के म्हणजे ११२.७५ मिलिमीटर, आणि रिम १६ इंची. २२५/४५ आर १७ मध्ये रुंदी २२५ झाली आणि बाजूची उंची १०१.२५ मिलिमीटरवर आली. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधले रबर साडेअकरा मिलिमीटरने कमी झाले. चाकाचा एकूण व्यास मात्र ६३१.९ वरून ६३४.३ मिलिमीटर इतकाच बदलला, हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्यामुळे स्पीडोमीटर आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) यांना तो जाणवत नाही. दुकानात अनेकदा २१५/५० आर १७ सुचवले जाते, कारण ते पटकन मिळते. पण त्याचा व्यास ६४६.८ मिलिमीटर भरतो, म्हणजे मूळ मापापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक, आणि तितक्या प्रमाणात काटा खरा वेग कमी दाखवू लागतो.

परीक्षणात अडचण अशी होती की माप आणि रबर दोन्ही एकदम बदलले होते. कारखान्यातून आलेले टायर टूरिंग प्रकारचे, म्हणजे टिकाऊपणा आणि मायलेज यांकडे झुकणारे. नवे टायर मऊ रबराचे, स्पोर्ट्स प्रकारचे. मग सुधारणा कशामुळे झाली हे ठरवायचे कसे? सुदैवाने निपाणीच्या माझ्या मेहुण्यांकडे हीच गाडी आहे आणि त्यांनी मूळ १६ इंची रिम तशीच ठेवून तिच्यावर त्याच कंपनीचे स्पोर्ट्स टायर मूळ मापात घेतले होते. तवंदी घाटात आणि पुढे संकेश्वरपर्यंतच्या महामार्गावर आम्ही गाड्यांची अदलाबदल करून पाहिली. ही काही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे, परंतु रस्ता तोच, गाडी तीच आणि रबरही जवळजवळ तेच असल्यामुळे उंचीचा परिणाम बराचसा वेगळा काढता आला.

तो परिणाम सर्वांत आधी कळतो तो स्टिअरिंगवर. स्टिअरिंग वळवले की प्रथम रिम वळते, मग टायरची बाजू पिळवटते, आणि त्यानंतर रस्त्याला टेकलेले रबर तिरपे होऊन गाडीला वळणाच्या दिशेने ढकलू लागते. टायर ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेने जात आहे, त्या दोहोंमध्ये वळताना नेहमीच काही अंशांचा कोन असतो आणि त्या कोनातूनच वळवणारा जोर निर्माण होतो. बाजूची भिंत उंच असेल तर तेवढाच जोर मिळवण्यासाठी कोन मोठा व्हावा लागतो, म्हणजे स्टिअरिंग जरा अधिक वळवावे लागते आणि क्षणभर थांबावे लागते. भिंत आखूड व ताठ असेल तर तोच जोर लहान कोनात आणि लवकर मिळतो. मेहुण्यांच्या गाडीतून उतरून माझ्या गाडीत बसल्यावर तवंदीच्या पहिल्याच वळणावर हे ठळकपणे जाणवले. गाडी हाताबरोबर वळत होती, आणि वळणात असताना केलेली बारीकशी दुरुस्तीही ती लगेच ऐकत होती. मेहुण्यांचे मत एका वाक्याचे होते : "भावजी, तुमची गाडी ऐकते लवकर, पण थांबायला आणि धरायला माझी काही कमी नाही."

माझ्या मते सगळा विषय या वाक्यात आला आहे. लवकर ऐकणे ही एक गोष्ट आणि धरून राहणे ही दुसरी. जाहिरातीत आणि चहाच्या टपरीवरच्या चर्चेत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

धरून राहणे कशावर अवलंबून असते, याचे गणित फारसे कठीण नाही. गाडीचे वजन साधारण १२५० किलो धरले तर प्रत्येक चाकावर सरासरी ३१० किलोच्या आसपास भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो, तर तो भार पेलण्यासाठी जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने १३५ चौरस सेंटिमीटर लागतो, म्हणजे जेमतेम एका तळहाताएवढा. टायर रुंद घेतला तरी हवा तीच ठेवल्यास हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. फक्त त्याचा आकार बदलतो. आधी तो गाडीच्या दिशेने जरा जास्त लांब होता, आता अधिक आडवा आणि आखूड होतो. आडव्या आकारामुळे वळताना रबरावर जोर अधिक समान वाटला जातो, भिंत ताठ असल्याने ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार पट्ट्याची, एक कड उचलली जात नाही, आणि म्हणून थोडी पकड वाढते. परंतु मोठा फरक पडतो तो रबराच्या मिश्रणाने. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात अधिक खोलवर रुतते आणि चिकटते. ते काम भिंतीची उंची करत नाही.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी फॉर्म्युला वनकडे पाहावे. २०२१ पर्यंत त्या गाड्या १३ इंची रिमवर, चांगल्या उंच आणि फुगीर भिंतीच्या टायरांवर धावत होत्या, आणि वळणावर त्यांच्याइतकी पकड क्वचितच कुठल्या गाडीला असेल. १८ इंची रिम आणि कमी उंचीचे टायर तेथे २०२२ साली आले. उलट बाजूचे उदाहरण टोयोटा ८६ चे. २०१२ साली आलेल्या या अस्सल स्पोर्ट्स कारला २१५/४५ आर १७ हे कमी उंचीचे माप दिले होते, पण त्यावर मिशेलिनचे प्रायमसी हे साध्या रस्त्याचे टायर बसवले होते, आणि तेही जाणूनबुजून, चालकाला कमी वेगातही गाडी घसरवण्याचा आनंद मिळावा म्हणून. कमी उंची म्हणजे अधिक पकड हे समीकरण खरे असते तर ही दोन्ही उदाहरणे शक्यच झाली नसती.

मग स्पोर्ट्स कारला असे टायर देतात तरी का? याचे एक कारण, म्हणजे स्टिअरिंगला लवकर मिळणारा प्रतिसाद, वर आलेच आहे. दुसरे कारण ब्रेकचे आहे. रिम मोठी असेल तर आत मोठी ब्रेक डिस्क मावते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पिरेलीचा पी ७ हा ५० टक्के उंचीचा टायर पोर्शे ९११ टर्बोवर आला तेव्हापासून वेगवान गाड्यांचा प्रवास या दिशेने चालू आहे. परंतु माझ्या गाडीचे ब्रेक मूळचेच आहेत, त्यामुळे १७ इंची रिमने मिळवून दिलेली जास्तीची जागा केवळ रिकामी दिसते. बाहेरून रिम बसवणाऱ्या कोणालाही हा लाभ मिळत नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचे असते. खड्ड्यातून उसळलेले जड चाक पुन्हा जमिनीवर आणायला शॉकॲब्सॉर्बरला जास्त वेळ लागतो.

हा शेवटचा मुद्दा बेळगावकरांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. कॅम्प भागातील सावलीच्या, गुळगुळीत रस्त्यांवर हे टायर अतिशय सुखाने धावतात. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटचे रूळ ओलांडताना मात्र त्यांचे खरे रूप कळते. पूर्वी तेथे 'धप्प' असा दबका आवाज येई, आता चारही चाकांचे चार स्वतंत्र ठोके स्टिअरिंगमधून थेट मनगटात येतात. स्मार्ट सिटीच्या कामात झालेले काँक्रीटचे रस्ते स्वतः उत्तम आहेत, पण जेथे काँक्रीट संपून डांबर सुरू होते तेथली कड अनेक ठिकाणी उंच राहिली आहे, आणि आखूड भिंतीच्या टायरला अशी कड फार लागते. खडबडीत वळणावर उंच भिंत स्वतः दबून उंचवटा गिळते आणि रबर जमिनीला टेकलेले राहते. ताठ भिंत दबत नाही, चाक उसळते, आणि ज्या क्षणी ते हवेत असते त्या क्षणी पकड शून्य असते. जांबोटी ते कणकुंबी या टप्प्यात पावसाळ्यानंतर रस्ता उखडला होता तेव्हा मला हा अनुभव वारंवार आला. वळणाच्या मध्यावर गाडीचे मागचे अंग एकेक पाऊल बाहेर टाकत होते. त्याच रस्त्यावर १६ इंची टायरांची मेहुण्यांची गाडी शांतपणे गेली.

पकड सुटण्याची पद्धतही बदलते. उंच भिंतीचा टायर सुटण्यापूर्वी बराच आधी कुरकुरतो, गाडी झुकते, स्टिअरिंग हलके पडते, चालकाला सूचना मिळत राहते. कमी उंचीचा टायर बराच वेळ घट्ट धरतो आणि मग सुटताना तुलनेने एकदम सुटतो. ट्रॅकवर सराव असलेल्याला ते आवडते. चोर्ला घाट उतरताना समोरून गोव्याचा ट्रक येत असताना ते आवडण्याचे कारण नाही. घाटात या टायरांच्या मर्यादेच्या जवळही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाबद्दल मत थोडे गुंतागुंतीचे आहे. ओल्या पण पाणी न साचलेल्या रस्त्यावर नव्या टायरांची ब्रेक लावतानाची पकड जुन्यांपेक्षा निःसंशय चांगली आहे, आणि ती रबराची पुण्याई आहे. साचलेल्या पाण्यात मात्र रुंदी आड येते, कारण रुंद टायरला त्याच क्षणात अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि ते न जमल्यास टायर पाण्यावर तरंगू लागतो. हवा कमी असेल तर हे आणखी कमी वेगात घडते. कणकुंबीकडच्या पावसात रस्त्याच्या कडेने तांबड्या मातीचे पाणी आडवे वाहत असते; तेथे स्टिअरिंग अचानक हलके झाल्याची जाणीव मला जुन्या टायरांपेक्षा लवकर झाली आणि वेग बराच उतरवावा लागला.

हवेबाबत एक गोष्ट या भागातच लागू पडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. येथे भरलेल्या हवेचा दाब गोव्यात उतरल्यावर मोजला, तर केवळ बाहेरच्या वातावरणाचा दाब वाढल्यामुळे मापकावर एक-सव्वा पीएसआय कमी दिसतो. किनाऱ्यावरच्या उष्णतेने तो पुन्हा काहीसा भरून निघतो. उंच भिंतीच्या टायरला एवढा फरक पचतो. कमी उंचीच्या टायरमध्ये हवेचे एकूण आकारमानच लहान असते आणि रिमला धक्क्यापासून वाचवणारी तीच हवा असते, म्हणून येथे तो फरक मोजून घ्यावा. त्यातून माझे टायर ९४ भारांकाचे, एक्स्ट्रा लोड प्रकारचे आहेत. ९४ म्हणजे एका टायरला कमाल ६७० किलो, तर मूळ ९१ म्हणजे ६१५ किलो. आकडा मोठा दिसला तरी एक्स्ट्रा लोड टायरला तोच भार पेलायला साध्या टायरपेक्षा थोडी अधिक हवा लागते, हे पेट्रोल पंपावरच्या पोराला सांगावे लागते; तो सर्वच गाड्यांना एकच आकडा लावून मोकळा होतो.

नुकसानीचा प्रसंग एकदाच आला. गळीत हंगामात चिक्कोडीहून निपाणीकडे येताना उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची कड चांगलीच खचवलेली होती आणि रात्री समोरच्या ट्रॅक्टरला एकच दिवा होता. बाजू देताना डावे पुढचे चाक कडेवरून खाली गेले. रिमला लहानशी खोक पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसला. फुगा म्हणजे आतील दोऱ्यांचा थर तुटला आणि आता हवेला केवळ रबराने अडवून धरले आहे. याला कोणतीही दुरुस्ती नाही. ट्रेडमधले पंक्चर निघते, बाजूचे निघत नाही. टायर नवा घ्यावा लागला. साध्या हमीपत्रात रस्त्यावरच्या आघाताचा समावेश सहसा नसतो, तेव्हा खर्च पूर्णपणे आपला.

टायर बसवणाऱ्या दुकानाबद्दलही लिहिले पाहिजे. शहरातील त्या दुकानाचे काम एकंदरीत नेटके आहे. रिमला ओरखडा न पाडता टायर चढवणारे यंत्र त्यांच्याकडे आहे आणि नट शेवटी टॉर्क पान्याने आवळले जातात. पाटी कन्नडमध्ये, बिल इंग्रजीत आणि बोलणे मराठीत, असा आपल्याकडचा नेहमीचा थाट. मालकांनी विक्रीच्या उत्साहातही खरे सांगितले : "सर, गाडी रस्त्याला चिकटल्यागत वाटंल, पण खड्डा बघून घाला की." दोन गोष्टी मात्र खटकल्या. चार टायरांपैकी दोन टायर उरलेल्या दोहोंपेक्षा वर्षभर जुने होते. टायरच्या बाजूवरील चार अंकी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, ते वाचून दाखवल्यावर त्यांनी कुरकुर न करता बदलून दिले, पण वाचले नसते तर तसेच चढले असते. दुसरे म्हणजे अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवल्याचा, छापील अहवाल मागितल्याशिवाय हाती पडला नाही. कमी उंचीच्या टायरला अलाइनमेंटमधला थोडासा दोषही आतल्या कडेने कुरतडतो, म्हणून हा अहवाल मागून घ्यावाच.

आवाज वाढला आहे, विशेषतः धारवाडच्या बाजूच्या खरखरीत डांबरावर. मायलेज किंचित उतरले आहे. गाडी दिसायला देखणी झाली आहे, हे शेजाऱ्यांनी सांगितले.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद ठामपणे उचलून धरली. माप बदलण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारावे हे बरे. आपल्या गाड्या एका दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तीन राज्यांच्या पोलिसांसमोरून जातात, तेव्हा उत्तराचा कागद गाडीत असलेला चांगला.

कोणी घ्यावेत? ज्यांचे जाणेयेणे प्रामुख्याने राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून कोल्हापूर किंवा धारवाडकडे असते आणि ज्यांना स्टिअरिंगचा नेमकेपणा मनापासून आवडतो, त्यांनी २२५/४५ आर १७ अवश्य घ्यावेत. अथणी, रायबाग, चिक्कोडीच्या ऊसपट्ट्यात किंवा खानापूर तालुक्यातील जंगलवाटांवर रोज फिरणाऱ्यांनी मेहुण्यांचा मार्ग धरावा, म्हणजे मूळ मापाची रिम ठेवून पैसे रबरावर खर्च करावेत; हवी असलेली पकड त्यांना तेथेच मिळेल आणि फुग्याची चिंता कमी राहील. २२५/४० आर १८ या मापात भिंत केवळ ९० मिलिमीटर उरते, ते या जिल्ह्यात कोणालाच सुचवणार नाही. पुण्याहून किंवा गोव्याहून असे १८ इंची जुने संच स्वस्तात येत असतात. घ्यायचेच झाल्यास टायर उतरवून रिमच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची रेघ आहे का ते दिवसाउजेडी पाहावे आणि बॅलन्सिंगच्या यंत्रावर रिकामी रिम फिरवून मगच पैसे द्यावेत. मी स्वतः जुन्या १६ इंची रिम विकलेल्या नाहीत. मृगाच्या आधी त्या पुन्हा चढवणार आहे आणि १७ इंची संच दसऱ्याच्या सुमारास, रस्त्यांची डागडुजी झाल्यावर, परत बसवणार आहे.